बुटातले पाणी

विसाव्या शतकातील कॅथलिकांच्या छळाविषयी मी गेले काही महिने मिळेल ते वाचत आहे, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला हमखास आठी पडते. "अहो, छळ त्यांचा की त्यांनी केलेला?" प्रश्न रास्त आहे. १५६० साली गोव्यात सुरू झालेले आणि मध्ये थोडा खंड पडून १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन मराठी माणूस विसरलेला नाही. त्याने विसरूही नये. पण हाती सत्ता असलेले धर्मपीठ वेगळे आणि रात्री दार लावून मुलाला प्रार्थना शिकवणारी खेड्यातली आई वेगळी. मी वाचत होतो ते या आईविषयी.

मेक्सिको झाले, स्पेन झाले. स्पेनमध्ये तर १९३६ च्या यादवीत हजारो धर्मगुरू प्राणांस मुकले. पण माझे मन गुंतले ते आल्बानियात. ग्रीसच्या डोक्यावर बसलेला हा डोंगराळ, चिमुकला देश. त्या काळी बहुसंख्य मुसलमान, त्याखालोखाल ऑर्थोडॉक्स आणि दहांत एक कॅथलिक. तेही मुख्यतः उत्तरेकडे, श्कोदर शहराच्या आसपास.

दुसरे महायुद्ध संपताना तेथे एन्व्हर होजा यांची साम्यवादी राजवट आली आणि १९६७ साली तिने धर्माचा निकालच लावला. फेब्रुवारीत होजांचे भाषण झाले, शाळा-कॉलेजांतील पोरे उठली आणि वर्ष संपेपर्यंत मशिदी, चर्चे, मठ, दर्गे मिळून दोन हजारांवर प्रार्थनास्थळांना टाळे लागले. जगातील पहिले निरीश्वरवादी राज्य म्हणून आल्बानिया छाती काढून मिरवू लागला. श्कोदरच्या भव्य कॅथीड्रलचे क्रीडागृह झाले. जेथे गुडघे टेकले जात, तेथे व्हॉलीबॉलचे सामने होऊ लागले! १९७५ साली हुकूम निघाला की, राज्याच्या विचारसरणीला न शोभणारी नावे लोकांनी बदलून घ्यावीत. नावांत देव नको, संतही नको. मला तर या हुकमाचे हसू आले आणि मग भीती वाटली. रणगाडे बाळगणारे सरकार पाळण्यातल्या नावाला भिते, याचा अर्थ काय?

झळ सर्वांनाच लागली. मुल्लाही तुरुंगात गेले. पण कॅथलिकांवर राग अधिक, कारण त्यांचा धर्मप्रमुख रोममध्ये, आणि इटलीने १९३९ साली आल्बानिया गिळलेला. प्रत्येक पाद्री हा हेर, असा सोपा हिशेब होता.

फादर श्तेफन कुर्ती हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. शिक्षा भोगत असता त्यांनी एका मुलाला गुपचूप बाप्तिस्मा दिला. म्हणजे काय केले? डोक्यावर पाणी ओतले आणि चार शब्द म्हटले. त्यासाठी १९७१ साली त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

दुसरे फादर एर्नेस्त सिमोनी. १९६३ च्या नाताळात मिस्सा आटोपताच (मिस्सा हा शब्द वसईच्या आपल्या ख्रिस्ती मंडळींचा) त्यांना पकडले. आधी मृत्युदंड, मग सक्तमजुरी. खाणीत राबताना पुस्तक कुठले? हे गृहस्थ लॅटिन मिस्सा पाठ म्हणत. १९८१ साली सुटले, तेव्हा त्यांना श्कोदरच्या गटारांचे काम दिले.

आता सिस्टर मारिये कालेता. मठ बंद झाला, बाई घरी परतल्या. एकदा रस्त्यात एक स्त्री तान्ही मुलगी घेऊन आली: "हिला बाप्तिस्मा द्या." सिस्टर घाबरल्या, त्या स्त्रीचा नवरा साम्यवादी! "माझ्यापाशी काही नाही," त्या म्हणाल्या. "कालव्यात पाणी आहे." "पण घेऊ कशात?" बाई हटेना. शेवटी सिस्टरनी पायातला बूट काढला. प्लास्टिकचा होता. त्यात कालव्याचे पाणी भरले आणि त्या पोरीचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्यात वाढलेला मी, त्या बुटापाशी बराच वेळ थबकलो.

या कहाणीचा एक धागा थेट कलकत्त्याला येतो. मदर तेरेसा जन्माने आल्बानियन. १९२८ साली त्यांनी घर सोडले. पुढे आई व बहीण तिरानाला जाऊन राहिल्या आणि सीमा मिटली ती मिटलीच. साऱ्या जगात हिंडणाऱ्या या बाईला आईच्या दारी मात्र जाता येईना. आई १९७२ साली गेली, बहीण १९७३ साली. मदर तिरानाला पोहोचल्या त्या १९८९ साली. भेट झाली ती थडग्यांशी. होजांच्या समाधीवरही त्यांनी फुले वाहिली. यावर पुष्कळांनी नाके मुरडली. मला मात्र ते त्या बाईला शोभले असे वाटते.

नोव्हेंबर १९९० मध्ये सिमोन युबानी नावाच्या, वर्षानुवर्षे तुरुंग भोगलेल्या धर्मगुरूने श्कोदरच्या दफनभूमीत उघड्यावर मिस्सा म्हटली. बंदी तेव्हा पुरती उठलेलीही नव्हती, पण हजारो माणसे जमली. तेवीस वर्षे ज्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता, त्यांना प्रार्थना पाठ होत्या!

२१ सप्टेंबर २०१४ रोजी तिरानात पोप फ्रान्सिस यांच्यापुढे सिमोनी आणि कालेता यांनी आपापली हकीकत सांगितली. सिमोनींचे ऐकून पोपना अश्रू आवरेनात. दोन वर्षांनी त्यांनी या गटार साफ करणाऱ्या धर्मगुरूला कार्डिनल केले. आणि श्कोदरचे ते व्हॉलीबॉलचे मैदान? तेथे एप्रिल १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चार नव्या बिशपांना दीक्षा दिली. चौघांपैकी एक होते फ्रानो इलिया. १९६८ साली त्यांना मृत्युदंड ठोठावला होता. पुढे तो बदलून पंचवीस वर्षांची कैद झाली, आणि त्यातली वीस त्यांनी भोगली होती.