बसलेली गाडी आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर

मुळशी खोऱ्यांत भाताची झोडणी आटोपून इंद्रायणी-आंबेमोहराचीं पोतीं गिरणीकडे निघूं लागलीं म्हणजे पौडच्या रस्त्यावर एक देखावा हटकून दिसतो. पिकअप गाडी मागें बसलेली, तोंड वर, आणि रात्रीं तिच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या थेट डोळ्यांत. माल उतरल्यावरही ती पुरती उठत नाहीं, तेव्हां मालक गॅरेजांत जाऊन "मागचे शॉक गेले, चांगले जाड व लांब टाका," असें सांगतो. आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांनीं एका वर्षांत असे दोन जोड बसविले. गाडी बोटभरही उचलली नाहीं. उलट दुसऱ्या जोडांतील एकाचा डोळाच तुटून आला. त्यांचा हा पैसा कां बुडाला, हें समजून घेण्यासारखें आहे.

गाडीचें ओझें शॉकॲब्सॉर्बर उचलीत नाहीं. तें पाटे उचलतात. शॉकच्या नळींत तेल असतें, दट्ट्या तें बारीक छिद्रांतून रेटतो, आणि पाट्यांच्या हेलकाव्याचा जोर उष्णतेच्या रूपानें विरून जातो. हलत्या गाडीस आवरावें एवढेंच त्याचें काम. गॅस भरलेला शॉक किंचित् वर रेटतो खरा, पण तेवढ्यानें बसलेली गाडी उठत नाहीं. त्याचा खरा उपयोग खडबडीत रस्त्यावर तेलास फेंस येऊं न देण्याचा. जुन्या टांग्यांना पाटे असत, शॉक नसत. पाट्यांचें आपसांतील घर्षणच हेलकावे आवरी.

तेव्हां पहिली तपासणी पाट्यांची. रिकामी गाडी सपाट जागीं उभी करून प्रत्येक मागील चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें. एकच बाजू खालीं असेल तर त्या बाजूचा पाटा मोडला असल्याचा संशय घ्यावा. दोन्ही सारख्याच खालीं असतील तर कमान मेली आहे. पाटे नुसते ठोकून कमान देणारे पुष्कळ आहेत; पोलादास पाणी नीट दिलें नाहीं तर ते पुन्हां बसतात. आमच्या मतें नवा जोड परवडतो.

शॉकची निवड यानंतर. पाटे मूळच्या मापाचे घातले तर शॉकही मूळच्याच मापाचे घ्यावे. येथें चतुराई नको. ज्यादा पाटा घातला, किंवा हौसेनें गाडी खालीं केली, तर मात्र दोन मापें स्वतः घ्यावीं लागतात. गाडी चौकटीवर उचलून, खालीं भक्कम ठोकळे देऊन (नुसत्या जॅकवर विसंबूं नये), शॉक काढून चाकें लोंबतीं सोडावीं, व शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांमधील अंतर मोजावें. उघडलेला शॉक याहून थोडा लांब हवा. मग गाडी चाकांवर उभी असतांना तेंच अंतर घेऊन त्यांतून ॲक्सल व त्यावरील रबरी ठोकळा यांमधील फट वजा करावी. मिटलेला शॉक याहून आंखूड हवा. समजा, उभ्या गाडींत अंतर ४२ सेंटिमीटर व फट ९ सेंटिमीटर, बाकी ३३. रबर दबतें हें धरून मिटलेला शॉक ३० च्या आसपास असावा. तो ३५ असेल तर खळग्यांत ॲक्सल रबरावर टेकण्यापूर्वींच शॉक मिटतो आणि सारा दणका त्याच्या डोळ्यावर बसतो. आमच्या गृहस्थांच्या लांब शॉकचें नेमकें हेंच झालें. गाडी खालीं करतांना ठोकळा कापला असेल तर आणखी आंखूड शॉक लागतो. उलट ज्यादा पाट्यानें गाडी वर आली कीं जुना शॉक आंखूड पडतो व प्रत्येक उसळीस ताणला जाऊन फाटतो.

कडकपणाविषयीं गैरसमज फार. ताठ पाटा परततांना जोरानें उसळतो, म्हणून त्यास उसळी आवरणारा शॉक हवा. दाबतांना कडक असलेला नव्हे. असा सर्व बाजूंनीं कडक शॉक रिकाम्या गाडीस उड्या मारावयास लावतो, आणि पावसांत रिकाम्या परतणाऱ्या गाडीचीं मागचीं चाकें वळणावर रस्ता सोडतात. शॉक नेहमीं जोडीनेंच बदलावे. शिवाय ज्यादा पाट्यानें गाडीची परवान्यांतील ओझ्याची मर्यादा वाढत नाहीं. ॲक्सल व ब्रेक तेच राहतात.

ब्रेकवरून एक गोष्ट राहिली. कांहीं पिकअप गाड्यांत मागील ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणें कमीजास्त करणारी झडप असते व तिची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. मागचा भाग किती दबला, यावरूनच ती ओझें ओळखते. गाडी बसली कीं रिकामीही तिला भरलेली वाटते आणि ओल्या उतारावर मागचीं चाकें जाम होतात. नव्या पाट्यांनीं उंच झाली कीं भरलेलीही रिकामी वाटते व मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणून पाटे बदलल्याच दिवशीं ती झडप कंपनीच्या पुस्तिकेंतील मापाप्रमाणें पुन्हां लावून घ्यावी, आणि मगच भरलेली गाडी ताम्हिणीचा घाट उतरून माणगांवकडे न्यावी.