जीप, चढ आणि अश्वशक्तीविषयीचा गैरसमज

पावसाळा लागला की सह्याद्रीतील मातीच्या चढांवर जुन्या जीपा आणि जिप्सी घेऊन जाणाऱ्या मंडळींत एक वाद हटकून उपस्थित होतो: गाडी चढत नाही, सबब तिचे इंजिन उतरवून दुसरे मोठे बसवावे, की आहे त्याच इंजिनाला टर्बो जोडावा? दोन्ही पक्षांकडे आपापल्या मेस्त्रींचे दाखले असतात, खर्चाचे अंदाज असतात आणि वाद तासन्‌तास चालतो. परंतु अश्वशक्ती अपुरी म्हणूनच गाडी अडते, या ज्या गृहीतावर तो सारा उभा आहे, ते तपासून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. हा गैरसमज इतका रूढ झाला आहे, आणि त्याच्यापायी धडधाकट गाड्यांची अशी दैना होते, की त्याचे निराकरण आकड्यांनिशी करणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचेच उदाहरण घ्यावे. 2,199 घनसेंटिमीटरचे, 60 अश्वशक्तीचे तिचे पेट्रोल इंजिन सुमारे 142 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. आजच्या काळात हा आकडा कोणाच्या नजरेत भरणार नाही. पण चाकाशी पोहोचते ते नुसते इंजिनाचे बल नव्हे, तर गिअरांनी गुणलेले बल होय. पहिला गिअर 2.665, ट्रान्सफर केसमधील लो रेंज 1.97 आणि एक्सलमधील डिफरन्शियल 4.88, या तिन्हींचा गुणाकार सुमारे 25.6 येतो, म्हणजे चाकांशी एकंदर 3,600 न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क उपलब्ध होतो. त्यातील पाचवा हिस्सा घर्षणात गेला असे धरले आणि चाकाची त्रिज्या 36 सेंटिमीटर मानली, तरी गाडी सुमारे 800 किलो वजनाइतक्या जोराने पुढे ढकलली जाते. रिकाम्या जीपचे वजन 1,100 किलोच्या आसपास. तेव्हा निव्वळ इंजिनाचा प्रश्न असता, तर ही म्हातारी गाडी 45 अंशांचा चढही चढून गेली असती. ओल्या मातीवर मात्र टायरांना वजनाच्या निम्म्याइतकीही पकड मिळत नाही, आणि म्हणून इंजिन थकण्याच्या कितीतरी आधी चाके घसरतात. अशा ठिकाणी टर्बो बसवला काय किंवा दुप्पट टॉर्कचे इंजिन बसवले काय, चाके अधिक वेगाने फिरतील आणि खड्डा अधिक खोल होईल, एवढाच फरक पडतो.

हा केवळ कागदी हिशेब आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी जीप बनविणाऱ्यांनी स्वतः काय केले ते पाहावे. 1945 साली विलीजने शेतकऱ्यांकरिता सीजे-2ए ही जीप बाजारात आणली, तेव्हा तिच्यात लष्करी जीपचेच इंजिन ठेवले. बदलले ते गिअर. पहिला गिअर 2.798, लो रेंज सुमारे 2.4 आणि डिफरन्शियल 5.38 केल्यामुळे तोच गुणाकार 36 च्या वर गेला. नांगर ओढण्यासाठी चाकांशी चाळीस टक्क्यांहून अधिक जोर मिळाला, आणि तोही इंजिनाच्या शक्तीत काडीचीही वाढ न करता! अडलेल्या गाडीचा मालक मेस्त्रीकडे जातो तेव्हा त्याने प्रथम टायरांची नक्षी, हवेचा दाब, लो रेंजचे गुणोत्तर आणि डिफरन्शियलला लॉक आहे की नाही, यांची चौकशी करावी. एक चाक अधांतरी झाले की साधे डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही त्या निराधार चाकाइतकेच क्षीण बल देते. ही उणीव जगातील कोणतेही इंजिन भरून काढू शकत नाही. एवढी साधी गोष्ट डावलून लाखो रुपये बॉनेटखाली ओतले जातात, याचा खरोखर विषाद वाटतो.

याचा अर्थ इंजिनाची शक्ती निरुपयोगी असते असा नव्हे. खोल वाळूत वेग टिकवावा लागतो; घाटात भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेंगाळते; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंची. खारदुंग ला ही लडाखमधील खिंड सुमारे 5,359 मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा भरतो. साधे इंजिन लहान असो वा मोठे, तेथे दोघांच्याही शक्तीचा जवळपास सारख्याच प्रमाणात ऱ्हास होतो, म्हणून मोठे इंजिन बसविल्याने हा रोग मुळातून बरा होत नाही. टर्बो मात्र नेमका याच रोगावरचा उपाय आहे. 1918 साली अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंचीच्या शिखरावर सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने लिबर्टी या विमानी इंजिनावर प्रयोग केले. खाली सुमारे 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर 230 पर्यंत उतरले, आणि टर्बो जोडताच 356 वर गेले. ज्याला वारंवार लडाख-स्पितीकडे जावयाचे आहे, त्याने टर्बोचा पक्ष घ्यावा हे रास्तच. मात्र माझ्या मते असा टर्बो कारखान्यातूनच इंजिनाबरोबर आलेला असावा.

कारण टर्बो म्हणजे चार बोल्ट आवळून भागणारे काम, हाही एक गैरसमजच. जुन्या डिझेल इंजिनात टर्बो केवळ हवा वाढवतो. पंपातून डिझेल वाढविल्याविना शक्ती फारशी वाढत नाही, आणि ते बेसुमार वाढविले की धुराड्यातील वायूचे तापमान पिस्टनला सोसवत नाही. पेट्रोल इंजिनात दाबलेल्या हवेमुळे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात, म्हणून संपीडन, ठिणगीची वेळ आणि इंधन या सर्वांची नव्याने तजवीज करावी लागते. टर्बोला कमी फेऱ्यांवर जोर नसतो, हे विधान सरसकट खरे नाही. 2010 च्या थार या गाडीतील सीआरडीई (कॉमनरेल डिझेल) टर्बो इंजिन 247 न्यूटन-मीटर टॉर्क 2,000 फेऱ्यांच्या आतच देत असे. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर कमी फेऱ्यांपासून दाब देतो खरा, पण त्याचे भाडे तो इंजिनाकडूनच वसूल करतो. टर्बोने इंजिनाचे आयुष्य घटतेच, असेही नाही. त्यासाठीच घडविलेले इंजिन तो बिनतक्रार वागवते.

इंजिन बदलणाऱ्यांचा भ्रम याहून खर्चिक असतो. नवे इंजिन चेसीवर टेकले म्हणजे काम संपले, असे मानले जाते. वस्तुतः क्लच, बेलहाउसिंग, रेडिएटर, प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि पुढच्या डिफरन्शियलवर आदळू पाहणारा तेलाचा संप, हे सारे प्रश्न तेथून सुरू होतात. इंजिन कॉमनरेल असेल तर त्याचे वायरिंग आणि संगणकही सोबत आणावे लागतात. 142 न्यूटन-मीटरच्या हिशेबाने बनलेल्या गिअरबॉक्सवर आणि हाफ शाफ्टवर 247 चा भार टाकला, की घसरणारे चाक एकाएकी दगडावर पकड घेते त्या क्षणी सर्वांत दुबळा दुवा तुटतो. शिवाय पुढच्या एक्सलवर वजन वाढते, वेगही वाढतो, आणि ब्रेक मात्र जुनेच राहतात.

राहता राहिला कायदा. इंजिनाचा क्रमांक तोच असल्यामुळे टर्बोबाबत परिवहन खात्याचा काही संबंध येत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 क्रमांकापुरते मर्यादित नाही. नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास ते मनाई करते, आणि जी मुभा आहे ती मोजकी व अटींची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.