केंद्रकीय ग्राही

केंद्रकीय ग्राही किंवा न्यूक्लिअर रिसेप्टर ही पेशींमधील प्रथिने असून ती विशिष्ट जनुकांची अभिव्यक्ती वाढवतात किंवा कमी करतात. मानवात असे ४८ ग्राही आहेत. स्टेरॉइड व थायरॉइड संप्रेरके, तसेच अ आणि ड जीवनसत्त्वांपासून बनणारे रेणू त्यांपैकी अनेकांना जोडले जातात. हे लहान रेणू पेशीच्या आत पोहोचू शकतात. त्यामुळे त्यांचे ग्राहीही पेशीच्या आतच कार्य करतात.

रचना

बहुतेक ग्राहींमध्ये दोन प्रमुख भाग असतात. एक भाग डीएनएवरील ठरावीक क्रम ओळखून त्याला जोडला जातो. त्याचा आकार जस्ताच्या अणूंमुळे स्थिर राहतो. दुसऱ्या भागात संप्रेरक बसते आणि त्यामुळे ग्राहीचा आकार बदलतो.

कार्यपद्धती

कॉर्टिसॉलचा ग्राही एरवी पेशीद्रवात असतो व कॉर्टिसॉल जोडले गेल्यावर केंद्रकात जातो. थायरॉइड संप्रेरकाचा ग्राही मात्र आधीपासून डीएनएवर असतो आणि संप्रेरकाच्या अभावी अनेक जनुके दडपून ठेवतो. संप्रेरक आल्यावर दमन करणारी प्रथिने सुटतात व साहाय्यक प्रथिने जोडली जातात. ती डीएनएभोवतीची घट्ट गुंडाळी सैल करतात आणि जनुकापासून संदेशवाहक आरएनए तयार होऊ लागतो. नवी प्रथिने बनण्यास वेळ लागत असल्याने हे परिणाम सहसा काही तासांनी किंवा दिवसांनी दिसतात.

ऊतींनुसार परिणाम

एकच ग्राही निरनिराळ्या ऊतींत निरनिराळे कार्य करतो. कॉर्टिसॉलमुळे यकृतात ग्लुकोजची निर्मिती वाढते, तर प्रतिकारक्षम पेशींमध्ये दाह निर्माण करणारी जनुके दडपली जातात. प्रत्येक प्रकारच्या पेशीत डीएनएचे खुले भाग आणि उपलब्ध साहाय्यक प्रथिने वेगळी असतात, हे या फरकाचे मुख्य कारण होय.

वैद्यकीय महत्त्व

याच कारणामुळे औषधाचा लाभ व दुष्परिणाम एकाच ग्राहीतून उद्भवू शकतात. दम्यावर किंवा संधिवातावर दिले जाणारे प्रेडनिसोलोन दाह कमी करते. परंतु दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर वाढू शकते व हाडे ठिसूळ होऊ शकतात. टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनाच्या ऊतीत इस्ट्रोजेनचा ग्राही रोखते, म्हणून ते स्तनाच्या कर्करोगावर वापरतात. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र ते इस्ट्रोजेनसारखे वागते व तेथील कर्करोगाचा धोका वाढवते.

इतिहास

एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी इस्ट्रोजेनच्या साहाय्याने त्याच्या ग्राहीचे अस्तित्व दाखवले. या क्षेत्रातील कार्यासाठी जेन्सन, पिएर शांबों व रोनाल्ड इव्हान्स यांना २००४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.