गाय छाप ते वॉटर पार्क : तंबाखूची भन्नाट पळापळ

माहीत आहे का, महाराष्ट्र धूर कमी काढतो आणि तोंडात जास्त ठेवतो? २०१६-१७च्या ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हेत राज्यातले विडी-सिगरेट ओढणारे प्रौढ निघाले फक्त ३.८ टक्के. आणि चघळणारे, मळणारे, मिसरी लावणारे? तब्बल २४.४ टक्के!

पटत नसेल तर नातेपुते स्टँडवर पंढरपूरच्या एसटीची वाट बघत जरा उभे राहा. सिगरेट पेटवणारा क्वचित दिसेल. पण डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, अंगठ्याने रगड रगड, वर दोन टाळ्या, भुकटी उडाली आणि बार ओठाखाली! सगळा कार्यक्रम गाडी लागायच्या आत.

तरी खूशखबर आहे. त्याआधीच्या २००९-१०च्या सर्व्हेत राज्यात तंबाखूवाले होते ३१.४ टक्के. पुढच्या सर्व्हेत ते आले २६.६ वर. हे आपोआप झालेलं नाही मंडळी, चहूबाजूंनी रेटा लागलाय!

पहिला रेटा घरातूनच. मिसरी आठवते? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटाने दातांवर फिरवायची. आजी अंगणात बसून लावायची, सून आडोशाला लावते आणि नात थेट टूथपेस्टवर. तीन पिढ्यांत मिसरीचा डबा फळीवरून गायब!

दुसरा रेटा कायद्याचा. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद, दंड २०० रुपयांपर्यंत. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत एकदा पावलं मोजून बघाच. २०२० मध्ये राज्याने सुट्ट्या सिगरेटी-विड्यांची विक्रीही बंद केली. का? अहो, सुट्टी घेतली की पाकिटावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं भयंकर चित्र दिसतच नाही!

माहीत आहे का, थिएटरात पिक्चरआधीच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत ज्याने अख्ख्या देशाला गप्प केलं तो मुकेश आपल्या भुसावळचा होता? गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झाला आणि २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. त्याच्यावर हसणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

गुटख्याची गोष्ट तर थ्रिलर! २००२ मध्ये महाराष्ट्राने बंदी घातली. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २००४ मध्ये बंदी उडाली, कारण असा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा. मग २०११ मध्ये केंद्राचा नियम आला : खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटीन चालणार नाही. गुटखा खाद्यपदार्थ, म्हणून गुटखा आऊट! जुलै २०१२ पासून पुन्हा बंदी. आणि गंमत ऐका, ही बंदी एकेका वर्षाची. दरवर्षी नवा आदेश! धंदेवाल्यांनीही डोकं चालवलं : पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. थेट कायद्यालाच चुना! मग राज्याने सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही हात टाकला. पण टपरीवरचा मावा आणि विदर्भातला खर्रा मात्र अजून घासला जातोय, ही खरी डोकेदुखी.

आता नावाचा किस्सा. पुण्याच्या साबळे-वाघिरेंची ‘संभाजी बिडी’ कित्येक दशकं खपली. छत्रपतींच्या पुत्राचं नाव विडीच्या बंडलावर, आणि ते ओढून पायाखाली! लोक भडकले, आंदोलनं झाली. २०२० मध्ये कंपनीने नाव बदलायचं जाहीर केलं आणि बाजारात आली ‘साबळे बिडी’. इथे ना टॅक्स लागला, ना कोर्ट. जनमताने काम फत्ते!

मोठे मालक काय करतात? दुसऱ्या धंद्यात उड्या मारतात! संगमनेरच्या मालपाणींचा गाय छाप जर्दा गावोगाव पोचलेला. त्याच समूहाने लोणावळ्याजवळ वॉटर पार्क काढला आणि २०२२ मध्ये खोपोलीचं इमॅजिकाही घेतलं. पैसा पाण्यात घातला आणि तरीही बुडाला नाही! गुटखाबंदीचा तो २००४चा खटला कोणाच्या नावाने ओळखला जातो? गोदावत पानमसाला. कोल्हापूरकडचा तोच घोडावत समूह आज ‘स्टार एअर’ची विमानं उडवतो. पुडी ते पायलट, बोला! आणि कोलकात्याची इम्पीरियल टोबॅको? तीच आजची आयटीसी. आपल्या पोळीच्या आशीर्वाद आट्यापर्यंत पोचलेली.

पण शेतकऱ्याला अशी उडी जमते का? सीमेवरचं निपाणी बघा. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे अडवला, सरकारने गोळ्या झाडल्या. त्याच गावातल्या वखारींत दिवसभर तंबाखूची धूळ खाणाऱ्या बायांनी संघटना बांधली. त्यांच्यावर १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ नावाची डॉक्युमेंटरी निघाली. युगांतर नावाच्या बायकांच्या फिल्म ग्रुपने ती बनवली होती!

आणि आपला सोलापूर जिल्हा? शहराच्या पूर्वभागात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, भिजवलेलं पान कात्रीने मापात कापायचं, चिमूट जर्दा, गुंडाळी, दोरा. हजारावर मजुरी, आणि कारखान्यात माल दाखवला की नापास विड्यांची छाट बाजूला. छाटीचे पैसे नाहीत! याच बायांसाठी कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरं उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग उद्घाटनाला आले. पुढे रे नगर वसाहतीतली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. त्यातही विडी कामगार आहेत. एका शहरातल्या कामगारांच्या घरांसाठी दोन पंतप्रधान!

शेवटचा धक्का जीएसटीचा. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने ठरवलं : सिगरेट-गुटख्यावर ४० टक्के, विडीवर मात्र २८ वरून १८, आणि विडीच्या पानावर १८ ऐवजी ५. कारण दिलं जातं ते बायांच्या रोजगाराचं. मला हे पटत नाही. विडी स्वस्त झाली म्हणून छाट कमी निघत नाही की मजुरी वाढत नाही. पूर्वी विडीवरच्या उपकरातून कामगार कल्याण निधी भरायचा. पोरांची स्कॉलरशिप, दवाखाना त्यातून चालायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तो परत लावा, आणि त्यातला रुपया न् रुपया विडी सोडून शिलाई मशीनवर, नर्सिंगला, गारमेंटला जाऊ पाहणाऱ्या पूर्वभागातल्या पोरींना द्या. मालकांना विमानं मिळाली, पोरींना निदान कोर्सची फी तरी मिळू दे!