अ‍ॅफिलिएट लिंक: क्लिक मोजता येतो, कारण मोजता येतं का?

'पेटच्या तयारीसाठी ही पाच पुस्तकं घ्याच' अशा याद्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. पुस्तकाच्या नावावर क्लिक करायचं, दुकानाचं पान उघडतं, पुस्तक मागवलं की विषय संपला. यादी करणाऱ्यासाठी मात्र तो तिथे सुरू होतो. त्या लिंकच्या शेपटाला त्याचा कोड जोडलेला असतो आणि तुमच्या खरेदीतून त्याला काही टक्के कमिशन मिळतं. तुमची किंमत तीच राहते, पैसे दुकानदार देतो. अ‍ॅमेझॉनने ही योजना १९९६ मध्ये सुरू केली आणि आज ऑनलाइन दुकानदारीत ती सर्रास दिसते.

फेलोशिप रखडली की 'आपणही ब्लॉगवर लिंका टाकाव्यात का' हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून आधी साधा हिशोब करू. धरून चालू की ब्लॉग महिन्याला हजार जणांनी वाचला, पन्नास जणांनी लिंक उघडली, दोघांनी ४०० रुपयांचं पुस्तक घेतलं आणि कमिशन ५ टक्के आहे. हातात आले ४० रुपये. चहा-वडापाव सुटेल, खोलीचं भाडं नाही. शिवाय दर दुकानदाराच्या मर्जीवर. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणि किराण्यावरचं ५ वरून १ वर आणलं. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याच्याही खाली गेलं.

संशोधक म्हणून मला यातला दुसराच भाग जास्त खुणावतो. क्लिक केल्यावर ब्राउझरमध्ये एक कुकी बसते. अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत तिची मुदत साधारण २४ तास असते. तेवढ्या वेळात तुम्ही पुस्तकाऐवजी मिक्सर घेतला तरी कमिशन यादीवाल्याला. आणि बहुतेक योजनांत नियम असा की शेवटचा क्लिक ज्याचा, पैसे त्याचे. समजा तुम्ही तीन महिने एका प्राध्यापकांचे व्हिडिओ बघून पुस्तक निवडलं आणि घ्यायच्या दिवशी सूट शोधायला कूपनच्या साइटवर गेलात, तर कमिशन कूपनवाल्याला. प्राध्यापकांना शून्य.

आता विचारा: कूपनची साइट नसती तर तुम्ही पुस्तक घेतलं नसतं का? बहुधा घेतलंच असतं. म्हणजे लॉगमध्ये 'या लिंकमुळे विक्री' असं लिहिलं जातं, पण त्यातला 'मुळे' कुणी तपासलेलाच नसतो. व्हायवामध्ये सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक विचारतात ना, तो इथे रोज पैशांत मोजला जातो.

हे भोक गैरकामासाठीही वापरलं गेलं. शॉन होगन हा ईबेचा मोठा अ‍ॅफिलिएट. लोकांनी काहीही क्लिक केलेलं नसताना त्यांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी बसवायची, म्हणजे पुढे ते स्वतःहून ईबेवर गेले तरी कमिशन याला, असा तो प्रकार होता. २०१४ मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली. बेंजामिन एडेलमन आणि वेस्ली ब्रँडी यांचा २०१५ चा एक अभ्यास यावर आहे, तो जरूर वाचा. बाहेरच्या व्यवस्थापकांना उघड फसवणूक चांगली पकडता येते, पण धड फसवणूक नाही आणि धड सचोटीही नाही अशा मधल्या प्रकारांवर कंपनीतलेच लोक जास्त नीट लक्ष ठेवतात, असं त्यांना दिसलं.

दुसरा प्रश्न वाचकाच्या बाजूचा: शिफारस करणाऱ्याला पैसे मिळतात हे त्याला सांगितलं जातं का? अरुणेश माथूर, अरविंद नारायणन आणि मार्शिनी चेट्टी यांनी २०१८ मध्ये पाच लाखांहून जास्त यूट्यूब व्हिडिओ आणि एकवीस लाखांच्या आसपास पिंटरेस्ट पिना तपासल्या. अ‍ॅफिलिएट लिंका असलेल्या मजकुरात काहीतरी खुलासा होता तो सुमारे १० टक्क्यांत. त्यातही 'वर अ‍ॅफिलिएट लिंका आहेत' असं तुटक वाक्य लोकांना नीट कळत नव्हतं. 'तुम्ही इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं' असं उलगडून सांगितलं की कळायचं, पण तसं सांगणारेच सगळ्यात कमी.

आता हे मराठीत आणून बघा. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. खुलाशाची पाटी इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत असावी आणि सामान्य ग्राहकाला ती समजावी, असं त्यात आहे. पूर्ण व्हिडिओ मराठीत, समोर कढई, आणि खाली वर्णनात इंग्रजीतून एक 'अ‍ॅफिलिएट'. नियमातला 'किंवा' पाळला गेला, पण आमच्या मावशीला त्यातून काय कळलं? हा प्रश्न चांगल्या एम.फिल.च्या लायकीचा होता (एम.फिल. बंद झालं, ही वेगळी रड). आता पीएच.डी.चं एक प्रकरण म्हणून घ्या.

पण नमुना जपून निवडा. माथूर वगैरेंनी व्हिडिओंच्या अकरा अक्षरी ओळखचिन्हांची सुरुवात यदृच्छेने बनवून नमुना काढला होता. तरी अ‍ॅफिलिएट लिंका सापडल्या त्या एक टक्क्याहून कमी व्हिडिओंत. त्यातून मराठी किती उरतील, बघा! म्हणून आपल्याला स्वयंपाक, मोबाइल, स्पर्धा परीक्षा असे गट ठरवून वाहिन्यांची यादी करावी लागेल. तसं केलंत की 'मराठी व्हिडिओंपैकी इतके टक्के' असं लिहायची मुभा गेली. 'या यादीतल्या वाहिन्यांपैकी' इतकंच लिहायचं. गाइड हे वाक्य खोडतीलच, तुम्ही आधीच खोडलेलं बरं.

लहान केलेल्या लिंका उलगडून खरा पत्ता बघा, नाहीतर निम्मा डेटा हातचा जाईल. आणि खुलासा 'आहे' की 'नाही' एवढंच न नोंदवता भाषा कोणती, कितव्या ओळीत आहे, 'आणखी पाहा' दाबल्याशिवाय दिसतो का, हे रकाने सुरुवातीपासून ठेवा. नंतर वाढवायचे म्हटलं की सगळे व्हिडिओ पुन्हा उघडावे लागतात, आणि तोवर वर्णनं बदललेली असतात.