हार घालण्याआधी हब उघडा

जुनी जीप बघायला येणारी माणसे इंजिन सुरू करायला लावतात, पत्र्यावर टिचकी मारतात, टायर दाबून बघतात. पुढच्या एक्सलमधल्या बेअरिंगची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. ती दिसत नाहीत आणि पार बिघडेपर्यंत तक्रारही करत नाहीत. घरातल्या काही माणसांसारखीच!

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातल्या जीपमधून बँकेच्या नोकरीत मी कर्जाच्या पाहणीसाठी वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. निवृत्तीनंतर तशीच एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली आणि मिस्त्रीच्या गॅरेजातल्या बाकावर माझी नवी शाळा भरू लागली.

साध्या जीपचे पुढचे चाक भार पेलते आणि वळते. फोर-व्हीलचे चाक शिवाय गाडी ओढतेही. प्रत्येक पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात, एक आत आणि एक बाहेर. चाक ज्यांच्यावर वळते त्या किंग पिनांना आणखी दोन. यांतले रोलर निमुळते असतात. अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. वरचा भार आणि वळणावर बाजूने बसणारा रेटा, दोन्ही ती सोसतात.

त्यांना सोसत नाही ते पाणी. धावून तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि जुनाट ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. ग्रीस दुधाळ होते, पोलादाला गंज चढतो. फाटक्या सीलमधून ग्रीस ब्रेकवर गेले, तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. घाटात एका ठेकेदाराच्या जीपचे पुढचे चाक जळक्या वासासह जाम झालेले मी पाहिले आहे. मागे सात माणसे बसली होती. दरी चार हातांवर होती.

म्हणून पावसाळा सरला की चाक जॅकवर उचलावे, एक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा आणि चाक वर-खाली धरून हलवावे. खडखडले, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, नाही थांबली तर किंग पिनाकडे बघावे.

हब उघडल्यावर बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन कोरडी करायची. हवेच्या पाइपने ती गरगर फिरवू नयेत, रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो. रोलरवर निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापलेले. खड्डे दिसले तर हबमधल्या कपासकट बदलायचे. चांगले असेल तर तळहातावर नवे ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. वरवर चोपडलेले ग्रीस कामाचे नाही. सील मात्र नवेच.

मग खरी परीक्षा नटाची. चाक फिरवत नट आवळायचा, चाक जड झाले की साधारण एक षष्ठांश फेरा सैल करायचा आणि लॉक वॉशरची कड दुमडून वरचा नट घट्ट करायचा. फार आवळले तर बेअरिंग जळते, सैल सोडले तर चाक डगमगते. कर्जवसुलीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागले नाही.

दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडा.

या कामाला एक सकाळ, थोडे ग्रीस आणि दोन सील लागतात. त्यातून टळलेला अपघात कुठल्याच खातेवहीत जमा दिसत नाही, म्हणून आपण तो खर्च पुढे ढकलतो. दसऱ्याला आपण सारेच गाडीला झेंडूचा हार घालतो. त्याआधीचा रविवार चाकांना द्यावा.