न्हाणीघरांतील अग्नि : घरचा उपाय कोठवर, आणि कारागीर केव्हां बोलवावा ?

अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत वाग्भटाचार्यांनीं ऊन पाण्याच्या स्नानाविषयीं मोठा मार्मिक विवेक सांगितला आहे. मानेखालीं ऊन पाणी घेतल्यानें बल वाढतें. तेंच पाणी डोक्यावर घेतल्यास केसांस व डोळ्यांस अपाय होतो. परंतु तें पाणी तापवावें कसें, हें सांगण्याचें आचार्यांस कांहींच कारण पडलें नाहीं. चूल, हंडा आणि सरपण एवढी सामग्री घरोघर असे, आणि अग्नि डोळ्यांसमोर जळत असे. आज तो अग्नि पांढऱ्याशुभ्र पेटींत बंदिस्त होऊन भिंतीवर टांगलेला असतो. दिसत नाहीं, म्हणून तो अग्नि आहे याचाच आपणांस विसर पडतो. सबब या पेटीच्या प्रकृतीचा व विकृतीचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या जुन्या बंबाकडे पाहूं. तांब्याच्या उभ्या पात्राच्या मधोमध एक रुंद नळी; तिच्यांत कोळसा, ढलप्या अथवा नारळाच्या करवंट्या; तळाशीं जाळी आणि नळीभोंवतीं पाणी. पाणी भरण्याच्या तोंडावर सैल झांकण, त्यामुळें वाफ झालीच तर तिला वाट मोकळी. बंब बिघडावयाचा तो बहुधा दोनच प्रकारांनीं : तोटी गळे, नाहींतर सांधा सुटे. पाणी भरल्यावांचून विस्तव घातला कीं सांधा हमखास सुटावयाचा. पाणी असेपर्यंत त्याला लागलेला पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर तापत नाहीं. पाणी नसलें तर मात्र कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या सुमारास वितळूं लागतो. मग बंब पुण्यास कसब्यांतील तांबट आळींत जाई आणि नवा डाख लेवून परत येई. बिघाड डोळ्यांस दिसे, कारण कळे, आणि कोणाकडे जावयाचें हेंही ठाऊक असे.

गीझराची गोष्ट निराळी. हें नांव मूळचें आइसलंडांतील गेसिर नामक उसळत्या ऊन झऱ्याचें. इ. स. १८६८ मध्यें लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानें गॅसवर पाणी तापविणारें यंत्र सिद्ध करून त्यास हें नांव दिलें. त्या पहिल्या यंत्रास धुराडें नव्हतें, एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें येणार आहे.

हल्लीं आपल्या घरांतून मुख्यत्वें दोन जातींचे गीझर दिसतात : विजेचा सांठवणीचा आणि गॅसचा तात्काळ पाणी देणारा. विजेच्या गीझराची टाकी चोहोंकडून बंद असते. तिच्यांत साधारणतः २००० वॅटची तापकांडी, पाणी ठराविक तापलें म्हणजे वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो चुकलाच तर वीज तोडणारा दुसरा पहारेकरी कटआउट, आणि दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अशी योजना असते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारें एक युनिट वीज आणि अर्धा तास लागतो. त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागूं लागला, तर आंत कांहीं तरी बिनसलें आहे असें समजावें.

आतां बिघाडांविषयीं. आयुर्वेदांत व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे चार भेद सांगितले आहेत. ओषधाची वाटी हातीं घेण्यापूर्वीं रोग यांपैकीं कोणत्या वर्गांतला हें वैद्यानें ओळखावें, असा त्यांतील हेतु. गृहस्थानेंही पेचकस हातीं घेण्यापूर्वीं हेंच ओळखावें.

सुखसाध्य म्हणजे घरच्या घरीं करण्याजोगें. तोटीच्या अथवा फवाऱ्याच्या जाळींत चुना बसून धार बारीक झाली असेल, तर जाळी काढून रात्रभर व्हिनेगारमध्यें बुडवून ठेवावी आणि सकाळीं जुन्या दांतघाशीनें घांसावी. गॅसचा गीझर ठिणगी देईनासा झाला, तर बहुशः त्यांतील दोन बॅटऱ्या संपलेल्या असतात; त्या बदलाव्या. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदीं जवळ राहणाऱ्यांचा गॅस गीझर कधीं कधीं पेटतच नाहीं. पाण्याचा दाब कमी असल्यामुळें आंतील पडदा हालत नाहीं, एवढेंच त्याचें कारण असूं शकतें. विजेच्या फळीवरील बटण एकदां पडलें, तर गीझर बंद करून तें एकदां वर करून पाहावें. गीझर लावतांच पुन्हां पडलें तर तिसऱ्यांदा हात लावूं नये. त्याच फळीवर गळती ओळखणारें यंत्र असल्यास त्यावरील चांचणीची कळ महिन्यांतून एकदां दाबावी. खटका पडला म्हणजे पहारेकरी जागा आहे. न पडला तर वायरमनास बोलवावें. घरांत असें यंत्रच नसेल, तर तें बसवून घेण्यासारखा स्वस्त विमा दुसरा नाहीं.

एक लक्षण मात्र रोग नसून रोगासारखें दिसतें. पाणी तापत असतां सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडें थोडें पाणी ठिबकतें, आणि गृहस्वामिनी चिंतेंत पडते. परंतु २५ अंशांचें पाणी ६० अंशांवर गेलें कीं तें सुमारें शेंकडा दीडनें फुगतें. म्हणजे २५ लिटर टाकींत सुमारें एक तृतीयांश लिटर पाणी जास्त होतें. मागें जाण्याची वाट झडपेनें बंद असली, तर तें बाहेर येणारच. तापणें थांबल्यावरही अखंड ठिबकत राहिलें तर प्लंबर बोलवावा. पण कोणत्याही परिस्थितींत त्या तोंडास बूच मारूं नये. "फुकट पाणी जातें" म्हणून लाकडाची खुंटी ठोकणारे काटकसरी गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाले आणि वाटही बुजविलेली असली, तर कोंडलेलें पाणी शंभर अंशांच्याही वर तापतें; आणि टाकी फुटतांच त्याचा कांहीं अंश एका क्षणांत वाफ होतो. पाण्याची वाफ होतांना ती सुमारें १६०० पट जागा व्यापते. मग न्हाणीघराची भिंत टिकेल असें कोणीं समजूं नये.

कृच्छ्रसाध्य म्हणजे जाणत्या हाताचाच विषय. तोटी सोडतांच पाण्याबरोबर वाफ फुसफुसूं लागली, तर थर्मोस्टॅट गेला असें समजून मुख्य बटण बंद करावें. स्विच तापतो, पिन काळवंडली आहे अथवा जळकट वास येतो, तर तो सांधा भार सोसत नाहीं. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टांवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. त्यास १६ अँपिअरचाच प्लग हवा, दिव्यापंख्याचा चालत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ओल्या हातानें तोटीस स्पर्श करतांच झिणझिण्या येणें. "आमच्याकडे थोडा करंट येतोच" असें हंसत सांगणारीं घरें आहेत. थोडा करंट असा प्रकार जगांत नाहीं. तापकांडीचें आवरण फुटलें आहे आणि अर्थिंगही तुटलें आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. कोरडी चप्पल आणि ओले पाय एवढाच काय तो थोड्या-फारांतील फरक ! त्याच क्षणीं घराचें मुख्य बटण खालीं करावें आणि परवाना असलेला वायरमन येऊन तपासीपर्यंत त्या नळास कोणास हात लावूं देऊं नये.

याप्य म्हणजे बरा न होणारा, पण पथ्यानें आटोक्यांत राहणारा रोग. विंधन-विहिरीचें जड पाणी हा तसा रोग आहे. अशा पाण्यांत विरघळलेला चुना तापतांच वेगळा होऊन कांडीवर थर धरतो. थराखालीं कांडीची उष्णता कोंडते, पाणी तापण्यास वेळ लागतो, आंतून तडतड ऐकूं येते, आणि शेवटीं कांडी फुटते. यास वर्षांतून एकदां टाकी उघडून थर काढणें हेंच पथ्य. पोलादी टाकींत मॅग्नेशियमची एक सळई असते. ती स्वतः झिजून टाकीस गंजापासून वांचविते. तीही त्याच वेळीं पाहून घ्यावी. हें काम कारागिराचें आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या पहांटे त्याची आठवण होण्यापेक्षां अश्विनाच्या आरंभींच त्याला निरोप धाडावा. असाध्य तो टाकीचाच गंज. टाकी पाझरूं लागल्यावर डाग देऊन, लुकण लावून ती दाबाखालीं टिकत नाहीं. येथें मोह सोडून नवा गीझर आणावा आणि त्यावर आय. एस. आय. ची खूण आहे कीं नाहीं तें पाहावें.

आतां गॅसच्या गीझराविषयीं. वस्तुतः हा लेख लिहिण्याचें मुख्य कारण हेंच आहे. एक भाग गॅस पुरता जळावयास सुमारें २५ ते ३० भाग हवा लागते. हवा पुरेशी असली तर ज्वाला निळी असते. हवा कमी पडली कीं ती पिवळी होते, काजळी धरूं लागते, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. सिलिंडरमधील गॅस गळला तर नाकास कळतो, कारण त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. या विषास मात्र ना रंग, ना वास, ना डोळ्यांस चुरचुर. रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट आसक्तीनें चिकटतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, भोंवळ येते. मग पायांतील शक्ति जाते. आंतून कडी लावलेल्या न्हाणीघरांत ती कडी काढण्याचेंही बळ उरत नाहीं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं असाच प्रसंग ओढवला. गीझर न्हाणीघराच्या आंतच बसविलेला, आणि थंडीचा वारा येतो म्हणून झरोक्यास पुठ्ठा लावलेला. आठ दिवस मुलगी "स्नानानंतर डोकें दुखतें" म्हणत होती; घरांत तें पित्तावर गेलें. नवव्या दिवशीं पाण्याचा आवाज थांबेना आणि हांकेस ओ येईना, तेव्हां आजीनें शेजाऱ्यांस बोलावून दार फोडविलें. मुलगी बेशुद्ध होती. उघड्या हवेंत आणून तात्काळ रुग्णालयांत नेल्यामुळें, प्राणवायु देऊन ती वांचली. आजीच्या कानांनीं तिला वांचविलें. यंत्रांतील कोणत्याही पहारेकऱ्यानें नव्हे. दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांतून अशा वार्ता येतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ इतक्या सुदैवी नसतात.

म्हणून नियम असा कीं, गॅसचा गीझर न्हाणीघरांत असूंच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं असावा, त्याचा धूर नळीनें घराबाहेर जावा, आणि आंत केवळ पाण्याचा नळ यावा. आंतील पंखा हें धुराड्याचें काम करीत नाहीं. उलट कधीं कधीं तोच धूर मागें ओढून घेतो. झरोका बुजवूं नये. सिलिंडरची रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. ज्वाला पिवळी दिसली, भांड्याच्या बाजूस काजळी आली, अथवा घरांतील दोघांचें डोकें स्नानानंतर दुखूं लागलें, तर गीझर बंद करून जाणता मेकॅनिक बोलवावा. येथें सुखसाध्य असें कांहीं नाहीं. बॅटरीपलीकडे आपला हात जाऊं नये. कोणी आंत पडलेंच, तर प्रथम दार-खिडक्या उघडून त्यास बाहेर काढावें, स्वतः आंत रेंगाळूं नये, आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणांस न शिवतां रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्या आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं कारागिराविषयीं दोन शब्द. आपल्या पांढरपेशा घरांतून एक खोड आहे. पुस्तकी ज्ञान असलें कीं हाताच्या विद्येस आपण कमी लेखतों. पांचशें रुपये वांचविण्यासाठीं स्वतः पेटी उघडून बसतों. आणि कारागीर आलाच तर त्याच्या डोक्यावर उभे राहून त्यालाच शिकवितों. वैद्यास नाडी दाखवितांना आपण असें करीत नाहीं. कारागीर निवडतांना चौकशी जरूर करावी. कंपनीचा क्रमांक खरेदीच्या पत्रकावरूनच घ्यावा. इंटरनेटवर कोणीही खोटे क्रमांक पसरवून ठेवितो. आलेल्या माणसाचें ओळखपत्र पाहावें, काढलेला जुना भाग मागून घ्यावा, पावती घ्यावी आणि दुरुस्तीची तारीख गीझरावर चिकटवून ठेवावी. परंतु एकदां माणूस खात्रीचा ठरला, कीं त्याच्या मेहनतीची घासाघीस करूं नये. त्याला चहा विचारावा. जो माणूस आपल्या घरच्यांच्या जिवाची राखण करतो, त्याचा मान घरच्या वैद्याहून उणा असूं नये.

आज कित्येक घरांतून मुलें परगांवीं अथवा परदेशीं, आणि मागें दोन वृद्ध जीव, अशी स्थिति आहे. अशा घरीं आतून कडी लावण्याची सक्ति नसावी, पाणी ६० अंशांवर न ठेवितां ५० च्या आंत ठेवावें, आणि वायरमनाचा व प्लंबरचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. भेटीस आलेल्या मुलानें आईबापांसाठीं मिठाई आणावीच. परंतु जाण्यापूर्वीं एकदां न्हाणीघरांत जाऊन झरोका उघडा आहे ना, व्हॉल्व्हचें तोंड मोकळें आहे ना, आणि चांचणीची कळ दाबल्यावर खटका पडतो ना, एवढें पाहून जावें. या कामास पांच मिनिटें पुरतात.